त्या खेळांना ‘चायना गेम’ म्हणू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नव्वदच्या दशकातल्या खेळण्यांवर पानभर लेख आला. भोवरे, गोट्या, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके, जत्रेतल्या पत्र्याच्या होड्या, सगळं मनापासून लिहिलं आहे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र शेवटच्या दोनच ओळी आल्या आणि त्यातही त्यांना ‘चायना गेम’ म्हणून मोकळं केलं आहे. त्या दोन ओळींसाठी हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. पण ज्या माणसांबद्दल लिहायचं आहे त्यांच्याविषयी मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हात आखडता घेतला नाही.

अमळनेरात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात उन्हाळा लागला की दुकानात टीव्हीपेक्षा गेमच जास्त यायचे. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात, बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आणि घरात एक गेम, दोन रिमोट आणि घरभर भाचे-पुतणे. रिमोटची वायर मानेपाशी तुटायची, बटणाखालच्या रबरावरचा काळा कार्बन झिजायचा, भलताच अॅडाप्टर लावला की आतला रेग्युलेटर जायचा. गिऱ्हाईक काउंटरवर डबा ठेवून म्हणायचं, “मिस्तरी, चित्र येस पन हालस नही.” हे काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे त्या डब्यात चीनचं काय होतं आणि दुसऱ्याचं काय होतं, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

डबा तिकडचाच होता, हे खरं. स्क्रू काढून उघडला की एक छोटी पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा वाळलेला थेंब, आणि जे काही डोकं होतं ते सगळं त्या थेंबाखाली. पण त्या थेंबाखालची रचना जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होती. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आला. आणि पिवळ्या, निळ्या कॅसेटींमध्ये भरलेले खेळ तर बहुतेक सगळे जपानी माणसांनी लिहिलेले. नक्कल करणाऱ्यांनी अनेक खेळांच्या पहिल्याच पडद्यावरची कंपनीच्या नावाची आणि सालाची ओळ खोडून टाकली होती. खेळाचं नाव वर दिसायचं आणि खाली, जिथं करणाऱ्याचं नाव असायला हवं, तिथं काळा पडदा. एखाद्याच्या घराची पाटी काढून टाकावी आणि मग गावानं ते घर बेवारशी समजावं, असं ते झालं. आपल्या लेखातला ‘चायना’ हा शब्द त्या खोडलेल्या ओळीतून आला आहे.

मारिओ निन्टेंडोचा, कॉन्ट्रा कोनामीचा, एवढं आता मोबाइलवर वाढलेल्या पोरांनाही माहीत असतं. पण एका कॅसेटमध्ये शेकड्यांनी खेळ असल्याचा दावा करणाऱ्या त्या कॅसेटींत चार खेळ हटकून असायचे: गोल्फ, पिनबॉल, एफ वन रेस आणि फुग्यांचा बलून फाइट. आकारानं लहान, म्हणून कॅसेटमध्ये सहज मावायचे. या चारही खेळांचं प्रोग्रामिंग जपानच्या एका लहानशा कंपनीनं केलं होतं. तिचं नाव हॅल लॅबोरेटरी. यातली गंमत नाही, खंत अशी की खऱ्या, अस्सल कॅसेटवरही हॅलचं नाव नव्हतं. काम हॅलचं, विक्री निन्टेंडोची, नाव निन्टेंडोचं. म्हणजे या लोकांचं नाव आधी करारात गेलं आणि मग नकलेत गेलं. आपल्या लेखानं तिसऱ्यांदा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही माहिती मला कुठून, असं कुणी विचारेल. माझी पुतणी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हॅलमध्ये पुढे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता यांनी आपल्या सहकाऱ्यांशी आणि इतर कलावंतांशी केलेल्या लांब लांब गप्पा इंग्रजीत उपलब्ध आहेत. दिवाळीला आली की ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. प्रोग्रामिंग मला येत नाही. पण त्यातली यंत्राची भाषा मला लगेच कळायची, कारण ते यंत्र माझ्या हाताखालून गेलं होतं.

इवाता १९५९ साली होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरात जन्मले. शाळेत असताना त्यांच्या हाती प्रोग्राम भरता येणारा एचपी कंपनीचा कॅल्क्युलेटर आला. त्यावर त्यांनी बेसबॉलचा खेळ बसवला. त्यात चित्र नाही, नुसते आकडे. तरी बाजूला बसणारा मित्र तो खेळून खूश व्हायचा. पुढे टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला आणि त्यांनी कमोडोर कंपनीचा पेट हा संगणक विकत घेतला. त्या काळी टोकियोच्या इकेबुकुरो भागात सेइबू नावाच्या मोठ्या दुकानात संगणकाचा एक कोपरा होता. सुट्टीच्या दिवशी संगणकवेडी पोरं तिथं जमायची, आपापले प्रोग्राम एकमेकांना दाखवायची. दुकानदार हाकलून देत नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या कोपऱ्यात काम करणाऱ्या एकानं ठरवलं की आपण कंपनी काढू, आणि या पोरांना विचारलं, कामाला येता का? २१ फेब्रुवारी १९८० रोजी हॅल लॅबोरेटरी उभी राहिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकिहाबारात, एका अपार्टमेंटच्या खोलीत. इवाता शिकत होते, त्यामुळे ते अर्धवेळ कामाला लागले.

सुरुवातीला त्यांनी खेळांइतकंच हार्डवेअरही केलं, हे आमच्यासारख्या मेकॅनिक लोकांना आवडेल. त्या वेळच्या जपानी संगणकांना ठरावीक अक्षरं आणि ठोकळेच दाखवता येत. हॅलनं बाहेरून जोडायचं एक उपकरण केलं. ते लावलं की आपल्याला हवं ते चिन्ह, म्हणजे विमान, राक्षस, चेंडू, स्वतः काढून पडद्यावर आणता यायचं. घरच्या संगणकावर दिसायला बरा खेळ करायचा तर हे लागायचंच.

१९८२ मध्ये पदवी मिळाली आणि इवाता याच कंपनीत पूर्णवेळ रुजू झाले, पाचवे कर्मचारी. नावाजलेल्या संस्थेतून शिकलेला मुलगा चार-पाच जणांच्या अनोळखी कंपनीत, तीही खेळ करणारी, जातो म्हटल्यावर वडील इतके दुखावले की सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. हे वडील साधे गृहस्थ नव्हते, मुरोरान शहराचं महापौरपद त्यांनी भूषवलं. ही गोष्ट पुतणीनं सांगितली तेव्हा माझ्या भावाचा चेहरा मी पाहत होतो. आमच्याकडेही अशी अबोल्याची घरं आहेत. शिकून खेळच करायचे का, हा प्रश्न इथं धरणगाव-पारोळ्यापासून चाळीसगावपर्यंत आजही विचारला जातो, आणि विचारणारा बाप वाईट नसतो, त्याला फक्त दुसरं कुणी तसं केलेलं माहीत नसतं.

आता यंत्राचं. फॅमिकॉमच्या आतला प्रोसेसर, म्हणजे सगळा हिशोब करणारी मुख्य चिप, ६५०२ या जातीची होती. जपानात तेव्हा बहुतेकांचा हात झेड-८० या दुसऱ्या जातीच्या चिपवर बसलेला. ६५०२ कुणाला फारसा येत नव्हता. पण इवातांचा तो कमोडोर पेट ६५०२ वरच चालायचा. म्हणजे ज्या चिपशी ते विद्यार्थी असल्यापासून झटापट करत होते, तीच चिप निन्टेंडोनं निवडली. हे कळल्यावर हॅलची माणसं क्योटोला जाऊन निन्टेंडोकडे काम मागून आली. तिथं त्यांना अडकलेली कामं मिळाली.

गोल्फ हे तसलंच काम. अठरा होल, म्हणजे गोल्फच्या पूर्ण मैदानातले अठराही टप्पे हवेत, अशी निन्टेंडोची अट. आणि इतर कंपन्यांनी सांगितलं होतं की कॅसेटच्या मेमरीत अठरा होल मावणारच नाहीत. इवाता हो म्हणाले. मावत तर नव्हतेच. मग त्यांनी माहिती दाबून बसवण्याची स्वतःची पद्धत लिहिली आणि अठराच्या अठरा होल बसवले. तो खेळ १९८४ मध्ये आला. संपूर्ण खेळ, चित्रांसकट, २४ किलोबाइट. बटण एकदा दाबलं की पट्टी सरकायला लागते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की नेम ठरतो. गोल्फचं मैदान जन्मात न पाहिलेली आमची पोरं हा खेळ बिनचूक खेळायची, कारण तीन वेळा बटण दाबण्यात अख्खा गोल्फ सांगून टाकला होता.

बलून फाइटबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे. रिमोट दुरुस्त केला की मी तो याच खेळावर तपासायचो. कारण साधं होतं. त्यात पाठीला फुगे बांधलेला माणूस हात हलवून उडतो. ए बटण जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा तो फडफडतो. बी दाबून धरलं तर आपोआप फडफडत राहतो. दोन्ही बटणांचे कार्बन नीट बसलेत का, डावं-उजवं बरोबर जातंय का, दुसरा रिमोट चालतोय का, सगळं एका मिनिटात कळायचं. आणि हात सोडला की माणूस धपकन पडत नाही. सावकाश, वजन असल्यासारखा खाली येतो. डावीकडे जात असताना उजवं दाबलं तरी लगेच वळत नाही, आधीचा वेग संपेपर्यंत थोडा वाहत जातो. भिंतीला लागला की उसळतो. कॅसेटीतल्या बाकीच्या लहान खेळांत माणसं ठोकळ्यासारखी सरकायची. हाच एक खेळ असा का, हे मला तेव्हा उमगत नव्हतं. पण हाताला फरक कळायचा.

तो फरक कशानं होता, हे इवातांच्या बोलण्यातून समजलं. पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० उंच. माणूस कुठं आहे हे पूर्ण ठिपक्यांत मोजलं, तर त्याला एक ठिपका तरी हलवावा लागतो नाहीतर हलवताच येत नाही. वेग कमी असला की मग तो अडखळतो. इवातांनी जागा आणि वेग अपूर्णांकात मोजले. पडद्यावर दिसताना पूर्ण ठिपकाच दिसतो, पण आत मात्र पाव, अर्धा असा हिशोब चालू राहतो आणि साठला की माणूस पुढे सरकतो. ६५०२ ला साधा गुणाकार येत नाही, सगळं बेरजा-वजाबाक्यांवर भागवावं लागतं. यंत्रात कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. तिच्यात त्यांनी ही जागा काढली. बलून फाइटची बाजारातल्या मोठ्या मशीनवर चालणारी आवृत्ती दुसऱ्या गटानं केली होती. घरच्या लहान यंत्रावर इवातांची आवृत्ती तिच्यापेक्षा सुरेख का हलते, हे त्या गटातले तोशिहिको नाकागो यांनी त्यांना विचारलं. इवातांनी काही न लपवता सगळं सांगितलं. हेच नाकागो पुढे सुपर मारिओचे प्रोग्रामर. १९८५ च्या सुपर मारिओत पाण्याखालचा जो टप्पा आहे, ज्यात मारिओ पोहतो, त्याची हालचाल या सांगण्यातून आली. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी तो टप्पा खेळला असेल त्यांनी आठवून पाहावं, तिथं मारिओ बलून फाइटच्या माणसासारखाच वर-खाली होतो.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. बलून फाइट एकट्या इवातांचा नव्हे. त्याची मांडणी आणि चित्रं निन्टेंडोच्या योशिओ साकामोतो यांची, संगीत हिरोकाझू तानाका यांचं. मी नावांसाठी भांडतो आहे, तर ही नावंही आलीच पाहिजेत.

निन्टेंडोची कामं करता करता हॅलनं स्वतःच्या नावावरही खेळ काढले. लोलो नावाच्या निळ्या गोळ्याचे कोड्यांचे खेळ चांगले चालले. कंपनी वाढली, माणसं वाढली, खर्चही वाढला. १९९१ मध्ये त्यांनी मेटल स्लेडर ग्लोरी नावाचा चित्रमय गोष्टीचा खेळ काढला. चार वर्षं लागली, फॅमिकॉमसाठी फार मोठी आणि म्हणून फार महाग कॅसेट लागली, आणि घातलेला पैसा परत आला नाही. इतर खर्चही अंगावर आलेले. १९९२ साली हॅल बुडाली. दीड अब्ज येनचं कर्ज.

आमच्या जळगाव जिल्ह्यानं पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत. ठेवीदारांच्या रांगा, कुलूप लावलेली शटरं, आणि ज्यांनी कागदावर सह्या केल्या ते गावात न दिसणं, हे सगळं आम्हाला पाठ आहे. म्हणून पुढचा भाग मी पुतणीला दोनदा वाचायला लावला.

निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची मदतीला तयार झाले, पण एका अटीवर: इवाता अध्यक्ष झाले पाहिजेत. इवाता तेव्हा जेमतेम ३३ वर्षांचे, प्रोग्रामर. ताळेबंद कशाशी खातात हेही न शिकलेले. १९९३ मध्ये ते अध्यक्ष झाले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की कंपनीतल्या प्रत्येक माणसाला एकेकट्याला समोर बसवून ऐकून घेतलं. ८०-९० माणसं. कुणाचं बोलणं वीस मिनिटांत संपलं, कुणाला तीन तास लागले. आणि हे एकदा करून थांबले नाहीत, दर सहा महिन्यांनी करत राहिले. कंपनी कशात चांगली आहे, कशात नाही, कोण कशावर नाराज आहे, हे त्यांना त्या बोलण्यातून कळलं. सहा वर्षांत सगळं कर्ज फिटलं.

कर्ज फिटण्यामागे एक गुलाबी गोळाही आहे. मासाहिरो साकुराई नावाचा मुलगा विशीच्या आत हॅलमध्ये आला होता. त्यानं गेमबॉय या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी एक सोपा खेळ आखला. नवख्या माणसालाही शेवटपर्यंत जाता यावं असा. मुख्य पात्र नंतर नीट काढू म्हणून त्यानं तात्पुरता एक गोळा ठेवला. काम करता करता तो गोळाच सगळ्यांना आवडायला लागला आणि तसाच राहिला. तो कर्बी. खेळ आधी ट्विंकल पोपो या नावानं हॅल स्वतः विकणार होती. २६ हजारांची मागणीही नोंदली गेली होती. मारिओ घडवणारे निन्टेंडोचे शिगेरू मियामोतो यांनी तो पाहिला आणि म्हणाले, थोडा हात फिरवला तर हा फार चांगला होईल, असा घाईनं विकू नका. दारात आलेली मागणी रद्द करायची, तीही कंपनी पैशाला महाग झालेली असताना! त्यांनी ती रद्द केली. २७ एप्रिल १९९२ रोजी तो कर्बीच्या नावानं निन्टेंडोकडून आला आणि जगभरात ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. आमच्याकडच्या पिवळ्या कॅसेटींत कर्बी आला नाही, तो गेमबॉयचा. फॅमिकॉमवरचा कर्बी १९९३ चा. पण माझ्या दुकानात तो कधी आलेला मला दिसला नाही.

इवाता अध्यक्ष झाले तरी हातातलं काम सुटलं नाही. प्रसिद्ध लेखक शिगेसातो इतोई यांचा मदर २ हा खेळ काही वर्षं अडकून पडला होता. इवातांनी तपासून सांगितलं, आहे ते दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, माझ्या पद्धतीनं पहिल्यापासून केलं तर सहा महिने. हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही माणसाला लगेच पटेल. कधी कधी जुन्या पीसीबीवर टाके घालत बसण्यापेक्षा नवी वायरिंग ओढणं लवकर होतं. पण त्यांनी निर्णय त्या गटावरच सोपवला, वरून लादला नाही. खेळ १९९४ मध्ये बाहेर आला. पोकेमॉनची कंपनी वेगळी, तरी गोल्ड आणि सिल्व्हर या भागांत चित्रं दाबून बसवण्याची साधनं इवातांनी करून दिली. गेमबॉयवरची पोकेमॉनची लढाई मोठ्या यंत्रावर आणायची तेव्हा कागदपत्र काहीच नव्हते. मूळ प्रोग्राम वाचून त्यांनी ती आठवडाभरात आणली. हे सगळं दुसऱ्या कंपनीसाठी, स्वतः एका कंपनीचे अध्यक्ष असताना.

आता जागेबद्दल, कारण खान्देशातल्या वाचकांना हे सांगणं मला गरजेचं वाटतं. हॅलचं मोठं काम टोकियोत झालं नाही. डोंगरांच्या आणि द्राक्षबागांच्या यामानाशी प्रांतात, र्‍यूओ नावाच्या लहान गावात त्यांनी आपलं कामाचं ठिकाण केलं. साकुराई आणि इवाता यांनी सुट्टीच्या दिवशी बसून एका मारामारीच्या खेळाचा नमुना केला, त्याला गावाचंच नाव दिलं होतं. साकुराईंनी आखायचं, इवातांनी प्रोग्राम लिहायचा. पुढे त्यात निन्टेंडोच्या वेगवेगळ्या खेळांतली पात्रं आली आणि जानेवारी १९९९ मध्ये तो सुपर स्मॅश ब्रदर्स या नावानं आला. त्यावर आज जगभर स्पर्धा होतात. गाव लहान म्हणून काम लहान होत नाही, हे अमळनेरला कुणी सांगायला नको. आमच्या इथं १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि तीच कंपनी पुढे विप्रो झाली. पण तो अभिमान आम्ही भाषणात वापरतो. पोराला डिप्लोमा झाला की पहिलं तिकीट पुण्याचं काढून देतो. त्याला इथं बसून काही करायचं असेल तर जागा कुठं आहे? सेइबूच्या दुकानात होता तसा, मुलांना हाकलून न देणारा एक कोपरा तरी कुठं आहे? हा प्रश्न आपल्या वृत्तपत्रानं विचारावा असं मला वाटतं.

इवाता २००० साली निन्टेंडोत गेले आणि मे २००२ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १८८९ पासूनच्या त्या कंपनीत यामाऊची घराण्याबाहेरचे ते पहिले. तिथल्या कारभाराबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, मी लिहीत नाही. फक्त एक. २००१ मध्ये स्मॅश ब्रदर्सचा दुसरा भाग वेळेत होईना, चुका सापडेनात. निन्टेंडोतली मोठी खुर्ची सोडून इवाता यामानाशीला जाऊन राहिले आणि तीन आठवडे चुका शोधत बसले. प्रोग्रामर म्हणून ते त्यांचं शेवटचं काम.

११ जुलै २०१५ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी ते आजारानं गेले. दोन वर्षांनी निन्टेंडोचं स्विच हे नवं यंत्र बाजारात आलं आणि ते खोलून तपासणाऱ्या लोकांना त्यात लपवलेला एक जुना खेळ सापडला. यंत्रातली तारीख ११ जुलै असली आणि दोन्ही रिमोट हातात धरून इवाता निन्टेंडोच्या व्हिडिओ कार्यक्रमात करायचे तशी हातांची खूण केली, की तो सुरू व्हायचा. तो १९८४ चा गोल्फ होता. अठरा होलचा. पुढच्या एका अपडेटमध्ये तो काढला गेला.

हाच गोल्फ बोरी नदीच्या पात्रात, सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांवर, नाव खोडलेल्या कॅसेटीत विकला जायचा. आपल्या लेखानं ज्याला ‘चायना गेम’ म्हटलं तो हाच. तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती अशी. पुढच्या रविवारी त्या लेखाखाली छोटी दुरुस्ती छापावी: डबे नकली होते, खेळ जपानी होते, आणि त्यातले गोल्फ, पिनबॉल, एफ वन रेस आणि बलून फाइट यांचं प्रोग्रामिंग हॅल लॅबोरेटरीनं केलेलं होतं. शिवाय जमलं तर पुरवणीत महिन्यातून एकदा अशा करणाऱ्यांवर लिहून घ्यावं. त्या काळच्या जपानी कंपन्या प्रोग्रामर पळवले जातील या भीतीनं कित्येकांची नावं खेळात येऊच देत नसत. त्यामुळे शोधावं लागेल, पण आपल्याकडे इंग्रजी वाचणारी तरुण मंडळी आहेत, आणि माझी पुतणी मदत करायला तयार आहे.

छायाचित्र लागलं तर दुकानात जुने डबे, कॅसेटी आणि फुग्यांचा खेळ लागणारी एक कॅसेट चालू स्थितीत आहे. वार्ताहराला केव्हाही पाठवा; फक्त दुपारी भारनियमन नसेल असं बघून पाठवा, म्हणजे टीव्हीवर लावून दाखवता येईल.

कळावे,
आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
अमळनेर, जि. जळगाव